सुई चुकते, मग टोचून घ्यायची कशाला?

पत्र: डॉक्टरसाहेब, मी अमळनेर तालुक्यातला. वडील (आम्ही त्यांना नाना म्हणतो) ६८ वर्षांचे आहेत. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात म्हणून तपासणी केली. रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या आजारात वाढणारं प्रथिन) ११.२ आला, सोनोग्राफीत प्रोस्टेट ५८ ग्रॅम. दीड वर्षापासून लघवीची गोळी चालू आहे. जळगावच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीवर बघून सुईने प्रोस्टेटचे १२ तुकडे काढायची बायोप्सी सांगितली. नाना तयार नाहीत. आमच्या भाऊबंदातल्या एका काकांची हीच तपासणी तीन वर्षांपूर्वी झाली होती. रिपोर्ट चांगला आला म्हणून पेढे वाटले. यंदा त्यांची कंबर धरली तेव्हा कॅन्सर हाडात गेलेला निघाला. नाना म्हणतात, ‘सुई चुकस ते टोची कसाले लेवानी?’ आई म्हणते, सुई लागली की गाठ पसरते. खरंच सुई इतकी चुकते का? सुरतेला किंवा मुंबईला नेलं तर चुकणार नाही का?

उत्तर:

नानांनी विचारलं तेच मी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं स्वतःला विचारत आलोय, म्हणून त्यांना आडपडदा न ठेवता सांगतो. हो, सुई चुकते. पण ती का आणि कुठे चुकते हे आता बरंचसं कळलेलं आहे आणि त्यावर उपायही आहे. तो उपाय बहुतेक वेळा सुई हातात घेण्याच्या आधीच करायचा असतो. तुमचं पत्र वेळेवर आलं याचा मला मनापासून आनंद आहे, कारण नानांना अजून सुई लागलेली नाही.

आधी जागा समजून घ्या. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली असते आणि तिच्या मागे लगेच गुदाशय असतो. म्हणून गुदद्वारातून बोट घालून ती चाचपता येते आणि म्हणूनच सोनोग्राफीचा बोटासारखा प्रोबही तिथूनच आत जातो. प्रोबवर सुईची वाट ठरवणारी एक खाच असते, पडद्यावर ठिपक्यांची रेघ दिसते आणि डॉक्टर त्या रेघेवरून सुई सोडतात. ऐकायला हे नेमबाजीसारखं अचूक वाटतं. अडचण अशी, की सोनोग्राफीत ग्रंथी छान दिसते, पण ग्रंथीतला कॅन्सर पुष्कळदा दिसतच नाही. काही गाठी काळपट दिसतात, पण बऱ्याच गाठी आजूबाजूच्या निरोगी भागासारख्याच दिसतात. म्हणजे पडदा शेताचा नकाशा दाखवतो, रोगट पट्टा दाखवत नाही.

मग सुई मारतात कशाच्या भरवशावर? तुम्ही शेतकरी आहात, माती परीक्षणाला नमुना कसा काढतात हे मी तुम्हाला सांगायला नको. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे करायचे, बांधाजवळची आणि उकिरड्याची माती सोडायची, वावराचा कुठलाच भाग सुटता कामा नये. १२ तुकड्यांची बायोप्सी हेच करते. १९८९ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हॉज, स्टेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीवर बघून ठरलेल्या सहा जागांचे तुकडे घ्यायची पद्धत मांडली. पुढे सहा अपुरे पडतात हे लक्षात आलं आणि दहा-बारा तुकडे घेण्याचा प्रघात पडला. त्याआधी गाठ बोटाला लागली तर बोटाच्या अंदाजाने सुई मारत, त्या मानाने ही फार मोठी सुधारणा होती.

आता या नमुन्याचा हिशोब करून बघा. सुईतून निघणारा तुकडा जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि १५ ते २० मिलिमीटर लांब असतो, शेवयीच्या तुकड्याएवढा. असे १२ तुकडे एकत्र केले तरी भरतात तीन-चार थेंब. नानांच्या ५८ ग्रॅमच्या ग्रंथीत हे हजारातले जेमतेम तीन भाग झाले. वावरात चारीच्या कडेला एखादा लहानसा चोपण पट्टा असेल आणि तुमचे आठही खड्डे त्याच्या आजूबाजूला पडले, तर प्रयोगशाळेचा कागद जमीन उत्तम आहे असंच सांगणार. कागद खोटं बोलत नाही, खड्डा तिथे पडलेला नसतो. ग्रंथी जितकी मोठी तितके हे खड्डे एकमेकांपासून लांब पडतात, हेही ध्यानात घ्या.

ही झाली चुकण्याची पहिली आणि सगळ्यात मोठी तऱ्हा: लक्ष्यच दिसत नाही. दुसऱ्या तऱ्हा हाताच्या आणि यंत्राच्या आहेत. त्यांच्यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण पेशंटला त्या कुणी सांगत नाही.

बायोप्सीची सुई हळूहळू ढकलली जात नाही, ती स्प्रिंगच्या बंदुकीतून सुटते. खटका दाबला की डोळ्याची पापणी लवायच्या आत ती दोन सेंटिमीटरहून थोडी अधिक पुढे जाते. तुकडा धरणारी खाच सुईच्या अगदी टोकाशी नसते, टोकापासून काही मिलिमीटर मागे असते. म्हणजे सुई कुठे थांबवून खटका दाबायचा, याचा अंदाज डॉक्टरला आधी बांधावा लागतो. गाठीला टेकवून सोडली तर सुई गाठ पार करून पलीकडे जाऊ शकते. ग्रंथीत खोल नेऊन सोडली तर ग्रंथीची मागची कड, जिथे बहुतेक कॅन्सर सुरू होतात, नमुन्यातून सुटते. या अंदाजाची सवय हाताला लागायला बराच काळ जातो.

त्यात सुई बारीक असते आणि तिचं टोक एका बाजूने तासलेलं असतं, त्यामुळे आत जाताना ती किंचित एका अंगाला ओढली जाते. ग्रंथीही दगडासारखी जागेवर बसलेली नसते. प्रोबच्या दाबाने ती चपटी होते, सुईच्या धक्क्याने सरकते, थोडी फिरते, पहिल्या काही टोच्यांनंतर रक्त साकळून फुगते. पडद्यावरची प्रतिमा सपाट दिसते खरी, पण ध्वनिलहरींच्या त्या पातळ कापालाही काही मिलिमीटरची जाडी असते. म्हणून सुई गाठीत शिरल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्षात तिला घासून बाजूने गेलेली असते. प्रोबवरची खाच नीट बसवलेली नसेल, तर पडद्यावरची रेघ एकीकडे आणि सुई दुसरीकडे असंही होतं.

शिवाय पेशंट हलतो. दुखलं की माणूस आक्रसतो, तेवढ्यात दोन-चार मिलिमीटर जातात. म्हणून ग्रंथीभोवती बधिरीकरणाचं इंजेक्शन नीट देऊन, ते भिनायला वेळ देऊन मग सुरुवात करणं, यात दयाही आहे आणि नेमही आहे. नानांनी ‘मी सहन करतो, तुम्ही चालू द्या’ असं म्हणायचं नाही. आपली माणसं तसं म्हणतात, मला ठाऊक आहे.

हे मिलिमीटर मी इतके मोजतोय, कारण अर्धा मिलिलिटर आकाराची गाठ, जी पुष्कळदा दखल घेण्याजोगी मानली जाते, गोल धरली तर साधारण एक सेंटिमीटर रुंद भरते. तिच्या मध्यावर नेम धरला आणि पाच मिलिमीटर चूक झाली की सुई तिच्या काठावर असते. आणखी थोडी चूक झाली की बाहेर.

माझ्या हातून सुटलेली एक गाठ मी विसरू शकलेलो नाही. शिरपूरकडचे एक निवृत्त शिक्षक होते. पीएसए वाढत होता, मी १२ तुकडे घेतले, स्वच्छ. दहा महिन्यांनी पीएसए आणखी वाढला, पुन्हा १२ घेतले, पुन्हा स्वच्छ. दोन्ही वेळा मी त्यांना ‘निश्चिंत राहा’ म्हणालो. तिसऱ्या वेळी एमआरआय केला तेव्हा गाठ ग्रंथीच्या पुढच्या भागात निघाली, पोटाच्या बाजूला. माझ्या सुया गुदाशयाकडून, म्हणजे मागून जात होत्या आणि त्यांची धाव तिथपर्यंत पोहोचतच नव्हती. चोवीस तुकडे घेऊनही मी त्याच अर्ध्या वावरातली माती पुन्हा पुन्हा काढत होतो. गुरुजींवर वेळेत उपचार झाले. पण ‘स्वच्छ’ हा शब्द मी त्यानंतर कुठल्याच पेशंटजवळ तसा वापरलेला नाही.

म्हणून नानांसाठी माझा पहिला सल्ला हा, की बायोप्सीच्या आधी प्रोस्टेटचा एमआरआय करून घ्या. ओटीपोटाचा साधा एमआरआय नव्हे, प्रोस्टेटसाठीचा मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय असं चिठ्ठीवर लिहून घ्या. २०१७ साली ब्रिटनमधला प्रॉमिस नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५७६ पुरुषांचा आधी एमआरआय झाला, मग नेहमीची सोनोग्राफी बायोप्सी झाली, आणि दोन्हींचा ताळा घ्यायला दर पाच मिलिमीटरवर तुकडे घेणारी सविस्तर बायोप्सीही झाली. उपचाराची गरज पडेल अशा कॅन्सरपैकी नेहमीच्या बायोप्सीला ४८ टक्के सापडले, एमआरआयने ९३ टक्क्यांबाबत इशारा दिला. पुढच्याच वर्षी प्रिसिजन नावाच्या ५०० पुरुषांच्या अभ्यासात आधी एमआरआय करून दिसलेल्या जागी सुई नेली, तेव्हा महत्त्वाचा कॅन्सर ३८ टक्के लोकांत सापडला. नेहमीच्या पद्धतीने २६ टक्क्यांत. काकांच्या बाबतीत नक्की काय झालं हे मी त्यांचे तपासणीचे कागद न बघता सांगणार नाही, पण ४८ हा आकडा वाचल्यावर नानांचा राग मला तरी रास्त वाटतो.

एमआरआय आधीच का, तर बायोप्सीनंतर आत साकळलेलं रक्त चित्र गढूळ करतं आणि मग काही आठवडे थांबावं लागतं. रिपोर्टमध्ये पायरॅड्स नावाचा १ ते ५ असा शेरा असतो. १-२ असेल तर महत्त्वाचा कॅन्सर असण्याची शक्यता कमी, ४-५ असेल तर बरीच. नानांच्या शरीरात पेसमेकर किंवा जुन्या ऑपरेशनची धातूची पट्टी असेल तर एमआरआयवाल्यांना आधी सांगा.

एमआरआयमध्ये दिसलेली जागा सोनोग्राफीच्या पडद्यावर आणण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे डॉक्टर एमआरआय समोर ठेवून मनाशी जुळवणी करतात आणि त्या अंदाजाने सुई नेतात. दुसऱ्यात संगणक दोन्ही चित्रं एकावर एक बसवतो, त्याला फ्यूजन म्हणतात. फ्यूजन म्हटलं की लोकांना वाटतं आता चूक होणार नाही. तसं नाही. एमआरआयच्या वेळी नाना उताणे, स्वस्थ झोपलेले असतात. बायोप्सीत प्रोबचा दाब असतो, निजण्याची तऱ्हा वेगळी असते, ग्रंथीचा आकार बदललेला असतो. संगणक चित्र ताणून बसवतो, तरी काही मिलिमीटरचा फरक उरतोच. म्हणून जाणते डॉक्टर दिसलेल्या जागेतून एक तुकडा घेऊन थांबत नाहीत. तीन ते पाच घेतात, गाठीच्या भोवतालचेही घेतात आणि बहुधा बाकीच्या ग्रंथीचा ठरलेला नमुनाही घेतात.

आता सुरत-मुंबईचं. रेल्वेच्या ताप्ती लाईनवर असल्यामुळे तुम्हाला सुरत जवळची वाटते, खुशाल जा. पण गाव बदललं म्हणून नेम सुधारत नाही. मी तुमच्या जागी असतो तर आधी जळगावच्याच डॉक्टरांकडे परत गेलो असतो. त्यांनी बायोप्सी सांगितली यात काहीच चूक नाही. त्यांना विचारा, आधी एमआरआय करता येईल का, तो वाचणारे रेडिओलॉजिस्ट प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी बघतात का, दिसलेल्या जागेतून वेगळे तुकडे घेणार ना, आणि सुई गुदाशयातून जाणार की दोन मांड्यांच्या मधल्या त्वचेतून, म्हणजे अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेतून. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. एमआरआय एका गावी आणि बायोप्सी दुसऱ्या गावी झाली तरी चालेल, फक्त नुसता कागद नको, एमआरआयची सीडी सोबत न्या.

मधल्या त्वचेतून जाणारी वाट मला स्वतःला जास्त पसंत आहे. ग्रंथीच्या पुढच्या भागापर्यंत सुई तिथून नीट पोहोचते, त्या गुरुजींची गाठ अशीच सापडली. दुसरं म्हणजे ही सुई शौचाच्या जागेतून जात नाही, त्यामुळे जंतू रक्तात जाण्याचा धोका कमी होतो. आपल्याकडे सर्दी-खोकल्यालाही अँटिबायोटिक घेऊन घेऊन पोटातले जंतू औषधांना दाद देईनासे झालेत, म्हणून हा मुद्दा खानदेशातल्या माणसाला लहान नाही. युरोपच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही या वाटेला पसंती दिलेली आहे. मात्र तुमच्या डॉक्टरांचा हात गुदाशयाच्या वाटेवर बसलेला असेल आणि गाठ मागच्या बाजूला असेल, तर तीही वाट चालते. अशा वेळी नानांना मधुमेह आहे का आणि गेल्या सहा महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक झालं, हे न विसरता सांगा.

पत्रातल्या एका ओळीवर मी अडखळलो: ‘दीड वर्षापासून लघवीची गोळी’. तिचं नाव बघा. तीत फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड असेल, तर सहा महिन्यांनंतर पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे नानांचा खरा आकडा ११ नसून २२ च्या आसपास धरावा लागेल. नुसतं टॅमसुलोसिन असेल तर असा फरक पडत नाही. ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. लघवीत जंतुसंसर्ग असला किंवा नुकतीच लघवीची नळी घातली असली, तरी पीएसए चढतो. तसं काही होतं का, तेही बघून घ्या. गोळीचा हिशोब बाजूला ठेवला तरी ११.२ पीएसएला ग्रंथीच्या ५८ ग्रॅमने भागलं की ०.१९ येतात. ०.१५ च्या वर गेलं की आम्ही जास्त सावध होतो. यावरून कॅन्सर आहे असं ठरत नाही. तपासणी टाळू नये एवढं मात्र ठरतं.

आईंची भीती मी गावोगावी ऐकली आहे. सुईच्या वाटेने प्रोस्टेटचा कॅन्सर पसरल्याची उदाहरणं इतकी विरळ आहेत, की त्यासाठी तपासणी टाळणं म्हणजे रोगाला मोकळं रान देणं. हा समज कुठून आला, तेही आईंना समजावून सांगा. पूर्वी माणसं कंबर मोडेपर्यंत डॉक्टरकडे जात नसत. सुई लागायची तेव्हा रोग आधीच हाडात असायचा आणि चार महिन्यांत माणूस जायचा. लोकांच्या लक्षात सुई राहिली.

नानांशी बोलताना दुसरीही एक गोष्ट सांगा. कॅन्सर सापडला म्हणजे लगेच ऑपरेशन, असं प्रोस्टेटच्या बाबतीत नसतं. सौम्य जातीची, ग्लीसन (गाठीच्या उग्रतेचा आकडा) ६ ची गाठ निघाली तर बहुतेकांना नियमित तपासण्या करत नुसतं लक्ष ठेवता येतं. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना कुणाला ऑपरेशन, कुणाला रेडिएशन, कुणाला नुसती देखरेख असं वाटून देऊन १५ वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं; तिन्ही गटांत त्या कॅन्सरने दगावलेले सुमारे दोन ते तीन टक्केच होते. नेमकी सुई हवी ती यासाठीही, की गाठीतला सगळ्यात उग्र भाग तुकड्यात यावा. कडेचा सौम्य भाग तेवढा आला तर पुढचा सगळा निर्णयच चुकतो.

एमआरआयची तारीख मिळायला दोन-चार आठवडे लागले तर घाबरू नका, हा रोग बहुधा संथ असतो. पण ‘कापूस विकला की बघू’, मग ‘लग्नसराई झाली की बघू’, असं वर्ष जाऊ देऊ नका. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून नानांच्या बाबतीत काय बसतं ते विचारून घ्या. आणि मध्येच नानांचं पाठीचं दुखणं वाढलं, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर एमआरआयच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

बायोप्सीच्या आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. बायोप्सीनंतर काही दिवस लघवीत लाली दिसते, वीर्यात तर काही आठवडे, त्याने हादरून जाऊ नका. ताप मात्र वेगळा. १००.४ च्या वर ताप गेला किंवा हुडहुडी भरली, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा.

रिपोर्ट हातात आला की मला पुन्हा लिहा. नुसतं ‘निगेटिव्ह आला’ एवढंच लिहू नका. किती तुकडे घेतले, कुठल्या जागेचा तुकडा किती मिलिमीटर भरला, जागेप्रमाणे ते वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवले होते का, आणि एमआरआयवर दिसलेल्या गाठीतून किती घेतले, ते कळवा. एमआरआय ४ किंवा ५ म्हणत असेल आणि तुकडे स्वच्छ असतील, तर पेढे आणू नका. मी आणि तुमचे डॉक्टर आधी सुईवर संशय घेऊ, आणि ती पुन्हा कधी व कुठून न्यायची ते ठरवू.